माईच्या हातची मोटार

बळाचा वापर कधी करावा, किती करावा आणि मर्यादेबाहेर केल्यास शासन काय, याविषयी आपल्या कायद्यांत कलमांमागून कलमे आहेत. परंतु जो गृहस्थ कोणत्याही वस्तूवर, व्यक्तीवर वा परिस्थितीवर बळाचा वापर करण्यास जन्मभर नकारच देतो, त्याचे काय करावे, याविषयी एक अक्षरही मला आजवर आढळलेले नाही. कायदे करणाऱ्यांनी माझे साडू पाहिलेले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. ते नागपूरच्या तारघरात नोकरीला होते आणि हुडकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे त्या काळी घरांपेक्षा शेतेच अधिक होती, तिथे राहत. नळाला एक दिवस पाणी न आल्यास दुसऱ्या दिवशीच्या टपालाने संबंधितांना जाब विचारणारा मी, आणि हे माझे साडू! त्यांचा सिद्धांत एकच. "वस्तू नाही म्हणून राहिली ना साडभाऊ, तर तिच्यावर जोर नाही लावाचा. तिले ईचाराचं, काहून?"

एका पावसाळ्यात त्यांचे मागचे दार फुगून चौकटीत घट्ट बसले. कोणाही शहाण्या माणसाने खांद्याचा एक धक्का दिला असता. साडूंनी दाराला दोन दिवस न्याहाळले, "थंडी पडली का आपसूक उघडन," असा निवाडा दिला, आणि विहिरीवर जाण्यासाठी दिवाळीपर्यंत शेजाऱ्याच्या अंगणातून वळसा घातला. वास्तविक त्या शेजाऱ्याशी कुंपणाच्या हद्दीवरून त्यांचा तंटा होता आणि त्यासाठी अत्यंत सणसणीत अशी नोटीस मी स्वतः तयार करून ठेवली होती. रोजच्या येण्याजाण्यात तो शेजारी यांना आधी रामराम आणि मग चहा देऊ लागला. दार थंडीत उघडले. तंटा त्याच्याही आधी मिटला होता. नोटीस माझ्याकडे तशीच पडून राहिली, आणि तिच्यातील भाषा आठवली की मला आजही हळहळ वाटते.

किल्ल्यांच्या बाबतीत तर त्यांची ही वृत्ती भक्तीच्या थराला गेली होती. कुलूप हरवलेल्या किल्ल्या ते कधी टाकीत नसत. त्यांचा एक भला मोठा जुडगा खुंटीवर असे. "चाबी आहे म्हणजे कुठंतरी कुलूपबी असनच," असे ते वडीलधाऱ्या मंडळींनी उपवर मुलीविषयी बोलावे तसे बोलत. त्यांच्याच मुलीच्या लग्नात शालू ठेवलेल्या पेटीची किल्ली हरवली. वरपक्षाने हातोडा मागविला. वधूपिता पेटीवर चढून बसले आणि खाली वाकून जुडग्यातली एकेक किल्ली लावून पाहू लागले. भटजी बाहेरून हाका मारीत होते, मी मुहूर्त टळल्यास जबाबदारी कोणाची याविषयी उभय पक्षांना समज देत होतो, आणि तेवढ्यात कुठल्याशा मोडक्या कपाटाच्या किल्लीने पेटी उघडली. "पाहा," ते उतरता उतरता म्हणाले, "तिले ईचारावंच लागते."

ती मुलगी लग्न होऊन दूर आसामात गेली. त्याच वर्षी खाप्याला आमच्या सासूबाई वारल्या. माई, म्हणजे साडूंची पत्नी आणि माझ्या पत्नीची थोरली बहीण, तेव्हापासून घराबाहेर पडेनाशी झाली. "लेक गेली, माहेर सरलं. आता मले कुठं जाचं आहे?" एवढेच ती म्हणे. आधी बाजार सुटला, मग हळदीकुंकू सुटले, शेवटी आमच्याकडचे येणेही सुटले. अंगणाचे फाटक हीच तिची सीमा झाली. माझ्या पत्नीने हात धरून ओढून नेण्याचा प्रयत्न केला, माई रडली. मी तिला मुद्देसूदपणे समजावले. माझा दुसरा मुद्दा पूर्ण होण्याआधीच ती चहा ठेवायला उठून गेली. साडूंनी तो चहा शांतपणे घेतला. मला त्या वेळी त्यांचा भयंकर संताप आला होता. घरात माणूस दिवसेंदिवस मिटत चालले आहे, आणि हा गृहस्थ थंडीची वाट पाहतो आहे!

अशात त्यांनी मोटार घेतली. मोटार हा शब्द मी सौजन्याने वापरीत आहे. कोणा परदेशी इंजिनियरची ती गाडी अमरावती रस्त्यावर ट्रकला धडकून वाडीच्या एका गोदामामागे पडली होती, आणि मालक तिला तिथेच टाकून मायदेशी गेला होता. मालकी हस्तांतराचे कागद मी जातीने तपासले, त्यात दोन चुका काढल्या आणि त्या दुरुस्त करवून घेतल्या. त्यामुळे गाडी बेकायदेशीर नव्हती, केवळ निरुपयोगी होती. पुढचा भाग बैलगाडीवर चढवून, मागची चाके जमिनीवर घरंगळत, दोन बैलांनी ती नागपूर शहरातून हुडकेश्वरच्या रस्त्यावर आणली. माई फाटकापर्यंत आली, तिने पाहिले, आणि "बैलंबी घेतले का?" असे विचारून आत गेली.

मिस्त्रीने पत्रा सरळ केला, इंजिन खोलून लावले, नवी बॅटरी बसविली. परंतु किल्ली फिरेना. ती भोकात सुखाने जाई, आणि तिथून पुढे हटून बसे. मिस्त्रीच्या मते किल्ली खराब झाली होती. स्टिअरिंगही हलत नव्हते. ते धडकेत वाकले असणार आणि त्याचे काम नंतर काढावे, असे तो म्हणाला. आम्हा सर्वांना ते पटले, कारण किल्ली काढल्यावर स्टिअरिंगलाही कुलूप लागते अशी गाडी आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती. एकाच रोगाला दोन वेगळी दुखणी समजून आम्ही एकावरच उपचार करीत बसलो. साडूंनी किल्लीच्या नकला करविल्या. पेन्सिलीचे शिसे उगाळून भोकात फुंकले. थंडीत धातू आकसतो म्हणून पहाटे, आणि उन्हात पसरतो म्हणून दुपारी, अशी किल्ली लावून पाहिली. मिस्त्री वैतागला.

"बाबूजी, एक ठोका मारतो, तोडून टाकतो, अन् वायर जोडून देतो. काहून येवढा लाड करून राहिले?"

"तोडाचं असतं तर ट्रकनंच तोडलं असतं ना गा," साडू म्हणाले. "तू चहा पे."

दसरा आला. गाडी चालो न चालो, वाहनाची पूजा व्हायलाच हवी. आणि अंगण तर माईच्या सीमेच्या आतच होते. तिने हळदकुंकू वाहिले, आपट्याची पाने ठेवली. मग झेंडूची माळ स्टिअरिंगला बांधण्यासाठी ती डाव्या बाजूच्या आसनावर बसली. साडू आपल्या जागेवर बसून नित्यनेमाप्रमाणे किल्ली चाळवीत होते. माईने गाठ आवळण्यासाठी स्टिअरिंगला एक हिसका दिला, आणि त्याच क्षणी किल्ली फिरली, गाडी गुरगुरली, अंगणातल्या कोंबड्या कुंपणापार गेल्या. "काय झालं वं माय!" म्हणत माई माळ धरूनच बसली. साडूंनी तिच्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला पुढे कळला.

"हे तुह्या हाताची गाडी आहे," ते म्हणाले. "आमचं नाही ऐकत ते."

दुसऱ्या दिवशी ते तारघरात गाडीने निघाले. किल्ली लावली आणि हाक मारली. माईने खिडकीतून हात घालून स्टिअरिंग हलविले. गाडी सुरू झाली. माई मागे सरली, तरी हे जागचे हलेनात.

"आता काय झालं?"

"रस्त्यात बंद पडली तर? तिथं कोनाचा हात आणू?"

"मी का तुमची क्लीनर आहो?" असे करवादत माई गाडीत बसली. पहिल्या दिवशी दोघे कोपऱ्यापर्यंतच जाऊन परतले आणि साडू तारघरात सायकलनेच गेले; मग बाजारापर्यंत; मग ती आमच्या दारात उतरली आणि माझ्या पत्नीला म्हणाली, "मी आली नाही वं, या गाडीनं आणलं." संक्रांतीला दोघे खाप्याला जाऊन आले. आईच्या घराला कुलूप होते, पण माई कन्हानच्या काठी पाय सोडून बराच वेळ बसली, आणि येताना तिने स्वतः भाजी घेतली.

मला आनंद झाला. परंतु आनंदासाठी असत्य चालवून घेणे माझ्या स्वभावात नाही. बायकोच्या हाताचा गुण ही काय भानगड आहे, हे तपासणे मी माझे कर्तव्य समजलो. एकदा गाडीत एकटाच बसून मी डाव्या हाताने स्टिअरिंग किंचित हलविले आणि उजव्या हाताने किल्ली फिरविली. स्टिअरिंगवरचा ताण सुटताच ती सहज फिरली; हात कोणाचाही चालत होता. हा शोध जाहीर करण्यासाठी मी तावातावाने ओसरीकडे निघालो. साडूंनी मला वाटेतच गाठून विहिरीकडे नेले.

"मले दसऱ्याच्याच दिवशी समजलं, साडभाऊ. हळू बोला."

"मग हा खोटेपणा कशासाठी?" मी कडाडलो.

"खोटं कुठं आहे? गाडी हातानंच तर चालू होते. कोनाच्या, ते अजून कोनी ईचारलंच नाही."

ओसरीवरून माई विचारीत होती, आज कुठं जायचं आहे, म्हणजे तिला त्याप्रमाणे लुगडे नेसता येईल.  मी ओसरीवर जाऊन फक्त चहा मागितला. चूक दिसली आणि मी ती कळविली नाही, असा माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग आहे.

पुढे पुष्कळ वर्षे ती गाडी तशीच चालली. माई गेली तेव्हा तिच्या अस्थी कन्हानमध्ये, खाप्यालाच सोडाव्या, असे साडू म्हणाले. सकाळी आम्ही दोघे निघालो. कलश माझ्या मांडीवर होता. त्यांनी किल्ली लावली, आणि ते थांबले. त्यांचा डावा हात गुडघ्यावर मोकळाच होता. मला ती युक्ती ठाऊक होती आणि मला ती ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होते. ते समोर रस्त्याकडे पाहत राहिले. किल्लीवर त्यांनी यत्किंचितही जोर लावला नाही.

मी कलश एका हाताने सावरला आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग किंचित हलविले. गाडी सुरू झाली.

फाटकाबाहेर आल्यावर ते म्हणाले, "परतताना बी लागन बरं, साडभाऊ, तुमचा हात."