भरतेशअण्णांची रस्ता-चाचणी

पलूसच्या भरतेशअण्णांनी जुन्या मासिकांतल्या मोटारींच्या रस्ता-चाचण्यांचे लेख पोथ्यांसारखे सोवळ्यात जपले होते. कोणती गाडी कुठल्या चढाला धापा टाकते, सारे मुखोद्गत. स्टिअरिंगला मात्र हात कधी लागला नव्हता. साठीला आल्यावर पत्नी सुरेखाकाकूंना इस्लामपूरला माहेरी स्वतः गाडीने न्यावे, या ओढीने ते लायसन्सच्या परीक्षेला बसले; सोबत काकूही बसल्या.

पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली. अण्णांनी शांतपणे निकाल दिला, "क्लच जड आहे."

शेजारी बसलेले परीक्षक साहेब म्हणाले, "आवं अण्णा, परीक्षा गाडीची न्हाई, तुमची हाय."

इतक्या पारायणांत नेमकी हीच ओवी वाचायची राहिली होती. अण्णा नापास झाले, काकू पास झाल्या. त्यांनीच अण्णांना माहेरी नेले.

मेव्हण्याने विचारले, "गाडी कशी हाय, दाजी?"

अण्णा म्हणाले, "तुमच्या अक्काला विचारा."