दोन उभ्या रेघा

अण्णांनी मला पहिल्यांदा फेकून मारलं ते टेलिफोन डिरेक्टरीने. लागलं नाही. त्यांनी फेकलेली वस्तू सहसा माणसाला लागत नसे, भिंतीला लागे, आणि त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीचे पार पोपडे उडाले होते. कीबोर्ड, स्टेपलर, फ्लॉपींचा डबा, एकदा तर सांबारासकट जेवणाचा डबा. सांबाराचा डाग शेवटपर्यंत गेला नाही. आम्हा पुण्याकडच्या मंडळींनी पाठीमागे त्यांचं नाव दणकेअण्णा ठेवलं होतं. तोंडावर अर्थात नुसतं अण्णा. तोंडावर दुसरं काही म्हणायला छाती हवी.

माणूस चामराजपेटचा. त्यांचे पणजोबा कापड रंगवायच्या धंद्यासाठी आपल्याकडून त्या कन्नड मुलखात आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि राग आला की दोन्ही एकदम. "स्वल्प डोकं वापर की गं! का पुण्यातच ठेवून आलीस?" हे त्यांचं सकाळचं स्वागत. त्यांचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी हसले होते. पुण्याची मुलगी, दुसरं काय करणार! अण्णा शांतपणे म्हणाले, "हस, हस. तू इन्स्टन्स ऑफ मराठी, मी काइंड ऑफ मराठी. कामाला दोन्ही चालतात." मला ओ की ठो कळलं नाही. मग त्यांनी टेबलावर मूठ आपटून समजावून सांगितलं: संगणकाच्या भाषेत इन्स्टन्स म्हणजे थेट त्याच जातीचा, काइंड म्हणजे त्या कुळात मोडणारा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. इलेक्ट्रॉनिक सिटीत आमची छोटी कंपनी होती आणि एका जपानी गिऱ्हाइकासाठी टेलिफोनच्या नोंदी चाळून द्यायचं काम होतं. त्यांचा एक इंजिनीअर जाताना रुबी नावाची संगणकाची भाषा ठेवून गेला. आमच्या इमारतीत तिचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, आणि तिची माहिती सगळी जपानीत. अण्णांना जपानी येत नव्हतं. ते नुसती उदाहरणं बघत, चालवून पाहत, शिव्या देत, पुन्हा चालवत. असं भांडून भांडून त्यांनी ती भाषा ताब्यात आणली आणि मग ती आमच्या टाळक्यात घालायला सुरुवात केली.

नोंदींची फाइल म्हणजे सगळी खिचडी होती. एखाद्या जागी आकडा, एखाद्या जागी अक्षरं, एखाद्या जागी काहीच नाही. या काहीच नसण्याला रुबीत निल म्हणतात. समोर आलेली वस्तू कोणत्या जातीची आहे हे आधी तपासायचं आणि मग तिला कामाला लावायचं, एवढाच आमचा धंदा. माझी स्क्रिप्ट, म्हणजे या कामाचा प्रोग्राम, गोगलगायीसारखी चाले, कारण मी प्रत्येक वस्तूच्या जातीचं नाव मागून ते अक्षर अक्षर जुळवत बसे. अण्णांनी ते पाहिलं आणि माझ्या खुर्चीला अशी लाथ घातली की मी चाकांवरून थेट खिडकीपाशी पोचले. "नाव काय विचारतीस? नाव विचारून पोलीस ठाण्यात मारतात! तू याच कुळातला काय, एवढंच विचार. नाहीतर त्याहून बरं, तुला हे काम येतं काय ते विचार. येतं म्हणाला की सोड त्याला आत." मी बदल केला. दुपारच्या जेवणापर्यंत चालणारी स्क्रिप्ट सकाळच्या कॉफीतच संपली.

निल त्यांना सगळ्यात जास्त चिडवे. कुणी न बघता त्या रिकाम्या जागेकडून काम मागितलं की स्क्रिप्ट धाडकन कोसळायची, आणि पाठोपाठ भिंतीवर काहीतरी आदळायचं. "आधी खुर्चीत कोण बसलंय काय ते बघ, मग लाथ घाल! रिकाम्या खुर्चीला लाथ घातलीस तर पाय तुझाच मोडतो." म्हणजे 'जागा भरलेली आहे काय' हे आधी आणि काम मागणं नंतर, कारण 'आणि'ने जोडलेल्या दोन प्रश्नांत पहिल्याला 'नाही' मिळालं की मशीन दुसरा प्रश्न विचारतच नाही. प्रश्नांचा क्रम हाच सगळा जीव. कमी कष्टाचा प्रश्न पुढे, जड प्रश्न मागे.

पण त्यांचं खरं प्रेम 'किंवा'वर. रुबीत किंवा म्हणजे दोन उभ्या रेघा, आपल्या आरतीच्या कडव्याशेवटी असतात तशा. अण्णा फळ्यावर त्या रेघा अशा ओढत की खडू तुटायचा. "किंवात पहिलाच हो म्हणाला की संपलं. मागच्यांना कोण बघत नाही, कोण विचारत नाही, सगळे वाचले. म्हणून पुढं कोण उभा राहतो ते नीट ठरवायचं." हे सांगताना ते आवाज खाली आणत, आणि त्यामुळेच आम्हाला जास्त भीती वाटे.

या सगळ्या मारामारीत एकच माणूस अढळ होता, तो सेल्वम. सेलमकडचा तमिळ, मिशाळ, हळू बोलणारा, माझ्याच शेजारी बसणारा. कन्नड त्याला धड येत नव्हतं, हिंदी तर नाहीच. स्क्रिप्ट कोसळली की अण्णा गर्जत, "हे कुणी केलं?" सगळे स्क्रीनच्या मागे तोंड लपवत. सेल्वम उभा राहून म्हणे, "नान् दान्, सार." मीच तो. पुष्कळदा तो 'तो' नसायचाच. चूक माझी असायची. अण्णांना हे ठाऊक असे. ते त्याच्यावर पेन फेकत, त्याची नक्कल करत घुमवून म्हणत, "नान् दान्, नान् दान्! तुझ्या मिशीला आग लावतो थांब," आणि मग त्यालाच गाडीत घालून घरी सोडत. जुनी फियाट होती. डाव्या बाजूचं दार आतून उघडत नसे. अण्णा बाहेरून त्याला लाथ घालत, तेव्हा उघडे.

मग तो दिवस आला. भांडण पाण्याचं होतं की भाषेचं, आज आठवून काय उपयोग. सकाळी सगळं ठीक होतं, दुपारी बातमी आली की शहरात तमिळ लोकांची दुकानं जळतायत. ऑफिस बंद केलं. अण्णांनी सेल्वमला आणि मला गाडीत घातलं. सेल्वम पुढे, मी मागे. होसूर रोडवर धूर होता, रस्त्यावर काचा होत्या, एक बस उलटी पडून जळत होती. अण्णा हॉर्नला हात न लावता काचा चुकवत गाडी हाकत होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मडिवाळाच्या अलीकडे जमावाने गाडी अडवली. हातात सळया, सायकलच्या चेन. बॉनेटवर दणादण काठ्या पडल्या, पुढची काच फुटून माझ्या केसांत आली. एकजण ओरडला, "इल्ली यारु तमिळरु?" इथे तमिळ कोण? पुढच्या गाडीतल्या माणसाला त्यांनी नाव विचारलं होतं, आणि तो रस्त्यात पालथा पडला होता. त्याला काय येतं, तो कुणाच्या उपयोगी पडतो, हे कुणीही विचारलं नव्हतं. सेल्वमचे ओठ हलले. तो खरं बोलणार होता. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

अण्णांनी त्याच्या छातीवर कोपर मारून त्याला सीटमध्ये दाबलं, दार उघडलं आणि बाहेर उभे राहिले. "नान् दान्," ते म्हणाले. सेल्वमच्याच आवाजात, घुमवून. आणि समोरच्याच्या तोंडावर ठोसा मारला.

चामराजपेटचा तो माणूस एक वाक्य कन्नडमध्ये बोलला असता तर त्याला हात जोडून वाट दिली असती. ते बोलले नाहीत. जमाव त्यांच्यावर तुटून पडला आणि त्यांना ओढत रस्त्याच्या कडेला घेऊन गेला. सळई हाडावर बसते तेव्हा कसा आवाज होतो ते मला माहीत आहे, आणि ते मला माहीत नसतं तर फार बरं झालं असतं. गाडीत कुणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. सेल्वम दारावर लाथा घालत होता, डोकं आपटत होता. दार आतून उघडत नव्हतं, आणि अण्णांच्या बाजूचं काठ्यांनी चेपून अडकलं होतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला कन्नड म्हातारा उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन धावून आला, ते त्याने जमावावर भिरकावलं, आणि तेवढ्यात पोलिसांची गाडी दिसली. मागच्या दाराने उतरून मी आणि त्या म्हाताऱ्याने अण्णांना उचललं. ते फार जड झाले होते.

दवाखान्यातून ते परत आले नाहीत. डोक्याला मार होता, बरगड्या गेल्या होत्या, जबडा तारेने बांधला होता. ज्या माणसाच्या ओरडण्याने तीन मजले हलायचे त्याच्या तोंडून नुसती हवा यायची. मला रडू नव्हतं येत, राग येत होता, काहीतरी भिंतीवर फेकावंसं वाटत होतं. शेवटच्या भेटीत सेल्वम पायाशी उभा होता. त्याने विचारलं, "का, सार? का तसं म्हणालात?"

अण्णांनी डावा हात पांघरुणाबाहेर काढला आणि दोन बोटं सरळ वर केली. उभी, एकमेकांशेजारी, फळ्यावरच्या त्या रेघांसारखी.

मला कळलं, सेल्वमला कळलं. नर्सबाईंचा समज वेगळा झाला. शाळेत आपण दोन बोटं कशासाठी वर करायचो ते आठवा. त्या लगबगीने भांडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "स्वल्प इरी अण्णा, बंदे." थांबा जरा, आलेच.

अण्णांनी ते भांडं त्यांच्या हातातून हिसकावलं आणि भिंतीवर मारलं. अख्खा वॉर्ड दचकून उठला. त्या खणखणाटात मी हसले, खदाखदा हसले, आणि हसता हसता पाहिलं तर सेल्वम कॉटचा दांडा धरून खाली बसला होता. लहान मुलासारखा रडत होता आणि म्हणत होता, "नान् दान्, सार. नान् दान्."

अण्णांनी मान हलवली. नाही. आणि पुन्हा दोन बोटं वर केली.

या वेळी भांडं आणायला कुणी उठलं नाही.