वडिलांचा बोर्डाचा पेपर

माझ्या वडिलांनी जन्मभर जिल्हा परिषदेच्या प्रशालेत मास्तरकी केली आणि त्यातली निम्मी वर्षं दहावीचे पेपर तपासले. त्यामुळे आमच्या घरात 'बोर्ड' या शब्दाला एकच अर्थ होता. माझं बोर्डाचं वर्ष आलं तेव्हा टीव्ही जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. आई वर्षभर मिक्सरसुद्धा दार लावून फिरवायची.

निवृत्त झाल्यावर वडिलांनी हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या बसथांब्याजवळचा ग्रामपंचायतीचा फळा ताब्यात घेतला. रोज सकाळी सातला तिथे हजर. हिंगोलीच्या मोंढ्यातला हळदीचा भाव, सोयाबीनचा भाव, सेनगावच्या जीपची वेळ, लाईट कधी जाणार, कोणाच्या घरी दुःखद घटना घडली, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. भाव तर आता ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येतो. तरी लोक फळ्यासमोर थांबतातच. आमच्या शेजारचे काका म्हणतात, "मोबाईलवरला भाव तोच राह्यतो, पण गुरुजीच्या अक्षरात जरा वाढल्यासारखा वाटतो."

तर या गुरुजींचं पोट गेल्या वर्षी बिघडलं. त्यांनी स्वतःच निदान केलं, वात. मग स्वतःच उपचार सुरू केले: सोमवारी हिरडा, मंगळवारी एरंडेल, बुधवारी इसबगोल, वेळापत्रक लावून. पट्ट्याला तीन नवी भोकं पडली तेव्हा म्हणाले, "वय झालं की माणूस आटोपशीर होतो." शेवटी एके दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि उलट्या थांबेनात. हिंगोलीच्या डॉक्टरांनी फोटो काढून तडक नांदेडला पाठवलं. मोठ्या आतड्यात गाठ होती आणि तिने वाटच बंद केली होती. त्याच दुपारी ऑपरेशन करून गाठीसकट आतड्याचा तेवढा भाग काढला. बाहेरच्या बाकावर आई आणि मी एकमेकींचा हात धरून बसलो होतो, आणि मी इतकी घाबरले होते की मला आईचाच राग येत होता.

दहा-बारा दिवसांनी तपासणीचा रिपोर्ट आला. कॅन्सर होताच. वडिलांनी चष्मा लावला, रिपोर्टवरून बोट फिरवत आले आणि एका ओळीवर थांबले. तिथे लिहिलं होतं, शून्य, तिरपी रेघ, अठरा. त्यांचा चेहरा पडला.

"अठरापैकी शून्य," ते म्हणाले. "ग्रेस देऊनसुद्धा पास होत न्हाई."

आईला वेगळीच काळजी. "एक गाठ काढाया गेले आन् अठरा निघाल्या व्हय?"

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरबाई वयाने माझ्यापेक्षाही लहान. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. त्यांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. आतड्याच्या कडेने बारीक बारीक गाठी सगळ्यांच्याच शरीरात असतात. रोग बाहेर पडायला लागला की बहुधा आधी त्यात शिरतो. म्हणून काढलेल्या भागातल्या गाठी वेचून एकेक सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. निदान बारा तरी बघितल्याशिवाय खात्री वाटत नाही. यांच्या अठरा बघितल्या, आणि रोग एकीतही नाही.

"गुरुजी, असा शून्य मिळावा म्हणून लोक नवस बोलतात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आयुष्यभर शून्यं वाटलेल्या माणसाला हे पचायला थोडा वेळ लागला. "मंग मी पास?"

"ते मी एकटी नाही सांगू शकत. गुरुवारी आमचं बोर्ड बसतं. तुमची केस बोर्डासमोर ठेवते."

झालं. यापुढचं वडिलांनी ऐकलंच नाही. ऐकलं ते मी. बोर्ड म्हणजे ऑपरेशनवाले, औषधवाले, स्कॅन वाचणारे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे, असे चार डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. ठरवायचं होतं ते असं. गाठी स्वच्छ, ही चांगली बाजू. पण रोग आतड्याच्या भिंतीच्या स्नायूतून पलीकडे गेला होता आणि आतडं तुंबलं होतं, ही वाईट बाजू. डोळ्याला न दिसणारं काही मागे राहिलं असेल, तर सलाइनमधून दिलेलं औषध ते मारू शकतं. पण अशा पेशंटमध्ये त्याचा फायदा थोडाच. आणि त्या औषधाने हातापायाला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. काहींची महिनोन् महिने, काहींची कायमची.

मला यात ठरवण्यासारखं काय आहे तेच कळेना. औषध आहे ना? मग द्या. घरी येईपर्यंत जीपमध्ये मी हेच बडबडत होते. वडील खिडकीबाहेर बघत होते. गोरेगावात उतरल्या उतरल्या त्यांनी दुकानातून फुलस्केप कागद आणि लाल-निळी पेनं घेतली.

दुसऱ्या दिवशी ओसरीत टेबल मांडून परीक्षा सुरू झाली. कागदाला लाल समास. डाव्या कोपऱ्यात आसन क्रमांकासाठी चौकट. प्रश्नपत्रिका कोणी दिली नव्हती, म्हणून प्रश्नही त्यांनीच काढले. मी चहा ठेवायच्या निमित्ताने पहिला वाचला: 'पोटाची तक्रार कधीपासून आहे? सविस्तर लिहा. (गुण ५)'. त्यांनी लगेच पानावर हात आडवा धरला.

"उत्तरपत्रिका घरच्यांनी वाचायची नसते."

"आवो, डॉक्टरनं पेपर कुठं मागितला?" आई म्हणाली. "आन् तुमी काहून लिहून राहिले?"

"बोर्डासमोर तोंडी चालत न्हाई. लेखीच लागतं."

मी समजावून पाहिलं. हे ते बोर्ड नाही, इथे तुम्ही परीक्षेला बसायचं नाही, तुमचे कागद बसतात. ते म्हणाले, "मंग माझा कागद नको का त्यात?" मी चिडून आत गेले. दोन दिवसांत तीन पुरवण्या झाल्या. त्यांनी त्या पांढऱ्या दोऱ्याने बांधल्या, गाठ मारली आणि बुधवारी नांदेडला जाऊन डॉक्टरबाईंच्या हातात दिल्या. आसन क्रमांक विचारला तेव्हा डॉक्टरबाईंनी गंभीरपणे केस नंबर सांगितला. वडिलांनी तो चौकटीत भरला. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं.

शुक्रवारी निकाल. वडील इस्त्रीचा सदरा घालून आलेले. डॉक्टरबाईंनी पेपर टेबलावर ठेवला. दोरा सोडलेला होता.

"कोणी तपासला?" वडिलांनी विचारलं.

"चौघांनी. एवढी व्यवस्थित हिस्ट्री आम्हाला कोणी लिहून देत नाही, गुरुजी." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शौचावाटे रक्त आठ महिन्यांपासून जात होतं, हे माहीत होतं तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी ते लिहिलं होतं, आणि पुढे कंसात 'लपवले, चूक झाली' असंही. ज्या माणसाने कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, त्याने आठ महिने आमच्याशी ही लबाडी केली. मी तिथल्या तिथे त्यांच्यावर ओरडले.

डॉक्टरबाईंनी मला शांत होऊ दिलं आणि म्हणाल्या, "बोर्डात एकमत झालं नाही. दोघं म्हणाले औषध द्यावं, दोघं म्हणाले नुसतं लक्ष ठेवावं. दोन्ही बरोबर होतं. नुसत्या गोळ्यांचाही विचार झाला. पण त्याने तळहाताची सालं निघतात. मग मी यांचा शेवटचा प्रश्न वाचून दाखवला." आणि त्यांनी ते पान माझ्यापुढे सरकवलं.

प्रश्न सातवा: 'आपणास काय हवे आहे? थोडक्यात लिहा.'

खाली निळ्या शाईत उत्तर होतं. 'मी रोज सकाळी फळा लिहितो. बोटांना खडू कळला नाही तर अक्षर जाईल. मरणाची भीती वाटत नाही असे नाही, फार वाटते. परंतु अक्षर गेल्यावर सकाळी उठून काय करायचे, ते मला येत नाही.' या प्रश्नाला त्यांनी गुण ठेवले नव्हते.

मला रडू आलं. रडता रडता मी म्हणाले, "फळ्यासाठी जीव धोक्यात घालता व्हय?"

"फळा तेवढाच राह्यला की ग माझ्याजवळ," ते म्हणाले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ते ऐकल्यावर बोर्डाने नुसतं लक्ष ठेवायचं ठरवलं. औषध दिलं तरी मी शंभर टक्के हमी देऊ शकत नाही, आणि नाही दिलं म्हणजे सोडून दिलं असंही नाही. दर तीन महिन्यांनी रक्त आणि तपासणी, ठरल्या वेळी स्कॅन, वर्षाने आतड्यात दुर्बीण घालून तपासणी. परत काही उगवलं तर लवकर सापडायला हवं. सगळं त्यावरच आहे. मात्र एकदाही गैरहजेरी चालणार नाही.

आणि तिथेच माझा विश्वास नव्हता. ज्याने आठ महिने रक्त लपवलं, तो तीन महिन्यांची तारीख सहज विसरेल. वर 'बरं वाटून राहिलं की' म्हणेल. परतीच्या जीपमध्ये मी माझी अट घातली. औषध नको तर नको, पण तपासणीची तारीख फळ्यावर लागेल.

"सार्वजनिक फळ्यावर खाजगी मजकूर लिहीत नसतात," ते म्हणाले.

"मंग औषध घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर फळ्यापाशी गेले. त्यांनी हळदीचा भाव लिहिला, सोयाबीनचा लिहिला. मग उजव्या कोपऱ्यात चौकट आखून त्यात तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, 'गुरुजींची तपासणी, नांदेड'. खाली, शाळेत लिहायचे तसं, दोन शब्द: 'पुसू नये'.

आता सगळं गाव त्या चौकटीवर नजर ठेवून आहे. मागच्या खेपेला तारखेच्या आदल्या संध्याकाळीच जीपवाला दारात आला आणि म्हणाला, "गुरुजी, उद्या पुढली सीट तुमची, बराबर आठला." वडील त्याच्यावर चिडले, पण गेले.

गोरेगावला असले की मी त्यांच्याबरोबर फळ्यापर्यंत जाते. ते खडू निवडतात, मी ओलं फडकं फिरवते. कालचे भाव पुसते, कालची जीप पुसते, गेलेल्या माणसांची नावं पुसते. त्या कोपऱ्यापाशी आले की माझा हात आपोआप हळू होतो. मी चौकटीच्या कडेकडेने पुसून घेते.