दिरांच्या हॉलमधली ऑप्टिकल वायर

मोठ्या दिरांनी माझ्या वडिलांना पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये बहिरं ठरवलं, ते मी विसरलेली नाही. विसरायचा प्रयत्नही कधी केला नाही.

वडील आदिलाबादच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. माझ्या जन्माआधीपासून ते टॉकीजला कुलूप लागेपर्यंत त्यांचं सगळं कामाचं आयुष्य प्रोजेक्टरच्या त्या तापलेल्या खोलीत गेलं. लोक पडद्याकडे बघायचे आणि वडील कान देऊन बसायचे. पडद्यामागच्या कुठल्या स्पीकरचा कागद फाटलाय, हे ते वरून ऐकून सांगत. आई गेल्यावर मी त्यांना इचोड्याला आमच्याकडे आणलं. मी बोथजवळच्या एका सरकारी शाळेत मराठी माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवते, नवरा नोकरीवर आदिलाबादला जाऊन-येऊन करतो. घर तीन खोल्यांचं. त्यातली रस्त्याकडची खोली वडिलांनी मागून घेतली. ट्रकांच्या आवाजाचा त्यांना त्रास होत नसे. उलट चहा पिता पिता म्हणायचे, "ह्या गाडीचा पट्टा ढिला झाला, पा. निर्मलपर्यंत नाही जात ही."

माझे मोठे दीर कापसाच्या व्यापारात वर आलेले. आदिलाबादला त्यांनी दुमजली घर बांधलं आणि वास्तुपूजेला सगळ्या गोताला बोलावलं. जेवणं झाल्यावर ते पाहुण्यांना वरच्या हॉलमध्ये घेऊन गेले. भिंतीएवढा टीव्ही, खाली डिस्क प्लेअर, त्याच्याखाली स्पीकरना आवाज वाटून देणारा होम थिएटरचा रिसीव्हर आणि चहूकडे मिळून सात स्पीकर. हैदराबादहून खास माणूस येऊन हे बसवून गेला, असं त्यांनी आम्हाला तीनदा सांगितलं. मग एका लढाईच्या सिनेमाची डिस्क लावली. आमच्या पाठीमागून हेलिकॉप्टर यावं आणि डोक्यावरून पडद्यात शिरावं, असा तो प्रसंग होता. आवाज इतका मोठा की खिडकीची काच थरथरत होती. सगळे वा वा करत होते.

प्रसंग संपल्यावर वडील म्हणाले, "बापू, आवाज दमदार आहे. पण हे सगळे डबे एकच बोलून राह्यले. हेलिकॉप्टर मागून येते, तं आवाज बी आधी मागूनच याले पाहिजे."

त्यांनी हे अगदी सहज, कामातला माणूस कामातल्या माणसाला सांगतो तसं सांगितलं होतं. दिरांनी रिमोट खाली ठेवला.

"काका, तुमच्या टॉकीजच्या भोंग्याचा जमाना गेला आता. इंजिनियरनं लावलेलं मशीन आहे हे." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "लेकीच्या घरी बसून बसून कान बी गेले वाटते काकांचे."

हॉलभर हशा झाला. माझा नवराही हसला, अर्धवट का होईना. ते हसणंही माझ्या लक्षात आहे.

"असंल बापू," वडील म्हणाले. "वय झालं."

परतीच्या बसमध्ये ते इचोडा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. त्यानंतर घरात त्यांनी आवाजाबद्दल बोलणंच सोडलं. ट्रक जायचे, ते गप्प. मिक्सर खरखरायला लागला म्हणून मी मुद्दाम त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मिस्त्रीले दाखव. मले का समजते आता." एक दिवस स्वतःच म्हणाले, कानाच्या डॉक्टरकडे ने. मी नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की या वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. बाहेर आल्यावर वडिलांनी मला विचारलं, "खरंच म्हणे ती, का तू तिले तसं सांगाले लावलं?"

त्या प्रश्नानंतर मी दिरांना सोडायचं नाही असं ठरवलं. मला त्यांची माफी नको होती. माफी कोपऱ्यात घेऊनही मागता येते. मला त्यांचा चेहरा पाहायचा होता, त्याच हॉलमध्ये, आणि तोही त्यांना ज्यांच्यासमोर मोठेपणा मिरवायचा असतो अशा माणसांसमोर.

दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला गेलो तेव्हा फोन चार्जिंगला लावते म्हणून मी वर गेले. कपाटामागे डोकं घातलं आणि मोबाइलच्या उजेडात फोटो काढले. प्लेअरची एचडीएमआय वायर सरळ टीव्हीला गेली होती. प्लेअरपासून रिसीव्हरपर्यंत जात होती ती फक्त एक बारीक काळी ऑप्टिकल वायर, जिच्या टोकाला तांबडा उजेड असतो तीच. आवाज बंद ठेवून डिस्क लावून पाहिली. रिसीव्हरच्या तोंडावर पीसीएम आणि पुढे दोनचा आकडा आला. दोन्ही मशीनचे मॉडेल नंबर लिहून घेतले आणि खाली येऊन जाऊबाईंनी दिलेले अनारसे खाल्ले.

पुढचे दीड-दोन महिने मी त्या मशीनची माहितीपुस्तकं मोबाइलवर उतरवून वाचली. शाळेतल्या मोकळ्या तासाला वही घेऊन टिपणं काढायचे. आमच्या तेलुगूच्या मॅडमनी विचारलं, कसली परीक्षा देताय? मी म्हटलं, आहे एक.

भानगड साधी होती. डिस्कवर प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगवेगळा आणि पूर्ण भरलेला असतो. तो मोठा, उच्च दर्जाचा आवाज त्या बारीक ऑप्टिकल वायरमधून जाऊच शकत नाही; त्याला एचडीएमआयच लागते. त्यातून एक तर दाबून लहान केलेला आवाज जातो, नाही तर साधा, डाव्या-उजव्या दोन बाजूंचा. दिरांकडे दोनच बाजूंचा जात होता; पीसीएम दोन म्हणजे तेच. आणि तोच आवाज सातही स्पीकरमधून सारखा वाजावा, असं बटण त्या हैदराबादच्या माणसानं दाबून ठेवलं होतं. म्हणून काच थरथरायची. सगळे डबे एकच बोलत होते. वडिलांचं वाक्य अक्षरशः खरं होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग फोन करून सांगून टाक ना दादाला."

"नाही," मी म्हटलं.

"काऊन?"

"तेव्हा तुमी हसले होते ना, म्हणून." तो उठून बाहेर गेला. वडिलांना मी काहीच सांगितलं नाही.

संधी आली ती पुतणीचं लग्न ठरल्यावर. भैंशाचे व्याही, जिनिंगवाले, रविवारी जेवायला येणार होते. आम्हालाही बोलावणं होतं. वडील यायला तयार नव्हते. "मी काय करू तिथं? लोकायले कशाले तरास?"

"बाबा, मले तुमी पाहिजे तिथं," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि धोतर बदलायला गेले. माझ्या पर्समध्ये इचोड्याच्या दुकानातून आणलेली दोन मीटरची एचडीएमआय केबल होती.

जेवणानंतर दीर व्याह्यांना आणि विहीणबाईंना वर घेऊन गेले; आम्हीही मागोमाग गेलो. तीच डिस्क, तेच हेलिकॉप्टर. "हैदराबादले बी असा आवाज भेटत नाही," दीर म्हणाले.

मी थांबले. प्रसंग पूर्ण होऊ दिला. मग विचारलं, "भाऊजी, हे एचडी आवाजाचं मशीन आहे ना?"

"मंग! टॉपचं आहे."

"मग समोर पीसीएम दोन काऊन दाखवून राह्यलं?"

व्याह्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून पाहिलं. "हो बा. दोनच दिसते."

"ते तसंच असते," दीर म्हणाले.

"तसं नसते. सात स्पीकरले दोनच आवाज जाऊन राह्यले. पाहू का मी?"

व्याही बसलेले. नाही म्हणायची सोय नव्हती. "पाहा मास्तरीणबाई," दीर हसून म्हणाले, "पण बिघडवून ठेवू नका."

मी पदर खोचला आणि कपाटामागे गुडघ्यांवर बसले. ऑप्टिकल वायर उपसून काढली. प्लेअरची टीव्हीला गेलेली वायर तिथून काढून रिसीव्हरमध्ये लावली आणि माझी वायर रिसीव्हरपासून टीव्हीला. उठून डिस्क चालू केली. चित्र आलं. आवाज नाही.

पडद्यावर बंदुका मुक्यानं चालत होत्या.

"झालं?" दीर म्हणाले. "सांगितलं होतं ना बिघडवू नका म्हणून. बापाचंच पाहून शिकली वाटते."

नवरा जमिनीकडे पाहत होता. क्षणभर वाटलं, मी स्वतःच वडिलांना दुसऱ्यांदा या हॉलमध्ये आणून उभं केलं. मग वहीतलं पान डोळ्यांसमोर आलं. वायर बदलली तरी रिसीव्हर अजून जुन्या ऑप्टिकलच्या भोकाकडेच आवाज शोधत असणार. मी रिमोट घेतला, सेटिंगमध्ये जाऊन प्लेअरचा आवाज ऑप्टिकलऐवजी एचडीएमआयवरून घ्यायला लावला. मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये गेले. पीसीएम होतं तिथं बिटस्ट्रीम केलं, म्हणजे डिस्कवरचा आवाज जसाच्या तसा जाईल, आणि मेनूच्या टिकटिकीसारखे जोडआवाज त्यात मिसळायचं होतं ते बंद केलं. सगळ्या स्पीकरना एकच आवाज द्यायचं बटण काढून टाकलं. रिसीव्हरवरचा दोनचा आकडा गेला आणि दुसरीच लांबलचक अक्षरं उमटली.

मी डिस्क त्या प्रसंगावर आणली. आधी काहीच नाही, नुसती हवा. मग आमच्या पाठीमागे, दूर, पंख्यांची फडफड. विहीणबाईंनी मान वळवून मागे पाहिलं. फडफड जवळ आली, डोक्यावर आली आणि समोर निघून गेली. आवाज मघापेक्षा कमी होता, तरी व्याह्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले होते.

"बाबा, आता?" मी विचारलं.

वडील डोळे मिटून बसले होते. "आता प्रत्येक डबा आपापलं बोलून राह्यला," ते म्हणाले. "पुढचा डावा जरासा चढा आहे. एक घर कमी कर."

मी कमी केलं.

"काका या लाइनीतलेच दिसतात," व्याही म्हणाले.

याच वाक्याची मी वाट पाहत होते. "टॉकीजचं मशीन चालवलं यांनी जन्मभर," मी म्हटलं. "वास्तूच्या दिवशीच यांनी सांगितलं होतं, डबे एकच बोलून राह्यले म्हणून. तेव्हा भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, काकांचे कान गेले. आता भाऊजींनीच सांगावं, कोणाचे गेले होते."

दिरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग मानेपासून वर लाल होत गेला. त्यांनी रिमोटसाठी हात पुढे केला. मी तो लगेच दिला नाही. जरा वेळ हातातच ठेवला आणि तो चेहरा डोळे भरून पाहिला. व्याही हसले. मोठ्यानं नाही, पण हसले.

घरी आल्यावर वडील म्हणाले, "एवढं नको होतं बोलाले. तो बी पोरीचा बाप आहे, व्याह्यासमोर बसलेला."

"त्या दिवशी तुमी बी पोरीचेच बाप होते."

ते आपल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मिक्सर उघडून बसलेले दिसले.

नवरा आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. लग्नाची पत्रिका आली ती फक्त त्याच्या नावानं. तरी मी गेले, वडिलांना घेऊन गेले आणि पहिल्या पंगतीला बसले. तिथं कळलं, दीर लोकांना सांगत होते की हैदराबादचा माणूस पुन्हा येऊन आवाज नीट करून गेला. ज्यांनी ज्यांनी मला ते सांगितलं, त्या प्रत्येकाला मी खरं काय ते सांगितलं, कुठली वायर काढली आणि कुठली लावली यासकट.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी दुपारी जाऊबाईंचा फोन आला. त्या रविवारी त्या वर आल्याच नव्हत्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"मी जिन्यातच उभी होती," त्या म्हणाल्या. "सुपारीचं ताट हातात घेऊन. सगळं ऐकलं." मग म्हणाल्या, "मले कधी रिमोटले हात लावू देत नाहीत. म्हणतात, तुले जमत नाही. आता ते खाली व्यापाऱ्यांत बसले आहेत. कोणतं बटण आधी दाबू?"

मी एकेक सांगत गेले. त्या लिहून घेत होत्या, मध्येच "थांब" म्हणत होत्या. अखेर फोनमधून सिनेमाचा आवाज आला आणि त्या पोरीसारख्या हसल्या.

"किती ठेवू आवाज?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "खाली व्यापाऱ्यांना ऐकू जाईल एवढा ठेवा."