नरेंद्रभाऊंना मिळालेला गणपती

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात, वाशिम रोडला, लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचं आमचं गोदाम आहे. तिथं पाठवणाऱ्याचं नाव नसलेलं पार्सल आत घेत नाहीत. नियम पुण्याच्या कंपनीचा, पण तो जिवापाड पाळणारा माणूस एकच, आमचे नरेंद्रभाऊ. गाडीतून माल उतरला की ते एकेक खोकं हातात घेऊन आधी दोन्ही नावं वाचतात. पाठवणाऱ्याचं नाव पुसलेलं असलं की खोकं बाजूला, मग गाडीवाला कितीही घाईत असो. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसते आणि लोकांना न बसलेल्या चपला, न आवडलेले कुर्ते परत घेते. सहा वर्षं झाली आम्हाला असं समोरासमोर बसून.

नरेंद्रभाऊ रिठद गावचे. वय सेहेचाळीस. रोज मोटरसायकलवर येतात, थंडीत कानाला मफलर आणि छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्र. डबा आईच्या हातचा, जवसाची चटणी ठरलेली. लहानपणी ते फार अडखळत बोलायचे. वर्गात पोरं नक्कल करायची म्हणून शाळेत जाईनात, तेव्हा वडिलांनी त्यांना विहारात रोज संध्याकाळी बावीस प्रतिज्ञा मोठ्यानं म्हणायला लावल्या. छप्पन सालच्या धर्मांतरापासून त्यांच्या घरात चालत आलेल्या त्या प्रतिज्ञा म्हणत म्हणत त्यांची जीभ सुटली. वडील गावात दर पौर्णिमेला लोकांपुढे उभे राहून प्रतिज्ञा सांगायचे. ते गेले आणि गावानं नरेंद्रभाऊंना त्या जागी उभं केलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. ते सांगणार आणि मागून सगळा विहार म्हणणार. या माणसाची पगारवाढ दोन वर्षं अडली तेव्हा त्यांनी चकार शब्द काढला नाही, पण पौर्णिमेची सुट्टी नाकारली तर वाघासारखे भांडतात.

आणि माणूस कसा? माझा नवरा गाडीवरून पडला, पाय मोडला, तेव्हा मी नुसती रडत उभी होते. नरेंद्रभाऊंनी गोदाम सोडलं, मला मागं बसवलं आणि वाशिमच्या दवाखान्यापर्यंत नेलं. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. त्यानंतर आम्ही डबा एकत्र खायला लागलो.

डिसेंबरात पुण्याहून मेल आला की यंदा प्रत्येक शाखेत ‘सीक्रेट सांता’ करायचा. आमच्या दहा जणांत ख्रिश्चन एकही नाही, पण पुण्याला त्याचं काय. आमचे शाखाप्रमुख शिवम सर सत्तावीस वर्षांचे, उत्साह दांडगा. त्यांनी समजावलं: चिठ्ठी उचलायची, ज्याचं नाव येईल त्याला तीनशे रुपयांपर्यंतची भेट द्यायची, आणि देणाऱ्यानं आपलं नाव शेवटपर्यंत सांगायचं नाही. फोटो मात्र ग्रुपवर टाकायचा, पुण्याचे साहेब बघणार.

कॉम्प्युटरवर बसणारी सरिता म्हणाली, “असा कसा आयेर हो सर? आमच्याकडं लग्नात टॉवेल देल्ला तरी माइकवर नाव पुकारते.”

“तेच त मजा हाये,” शिवम सर म्हणाले.

माझ्या चिठ्ठीत नाव आलं नरेंद्रभाऊंचं. म्हटलं बरं झालं, ओळखीतला माणूस. चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि विसरले. चोवीस तारखेला सकाळी पोळ्या लाटताना आठवलं. दुकानं उघडायची होती, नवऱ्याचा डबा व्हायचा होता. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीत सहा गणपती आले होते, ते माळ्यावर तसेच खोक्यात होते. त्यातला एक बरा पाहून काढला, लोडाला टेकून बसलेला, पांढराशुभ्र. चमकीचा कागद गुंडाळला आणि निघाले. गणपती कुणालाही चालतो, असं माझ्या हातालाच पाठ होतं. डोक्यानं त्यात भाग घेतला नाही. आजही मला स्वतःचा संताप येतो तो याचाच, की मी विकत आणायचेही कष्ट घेतले नाहीत आणि विचार करायचेही नाहीत.

दुपारी चार वाजता सगळे गोल उभे राहिले. डोक्यावर लाल टोप्या. नरेंद्रभाऊंनी कागद नीट, न फाडता सोडवला. आतली मूर्ती दिसली आणि त्यांचा हात थांबला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. टाळ्या वाजत होत्या. शिवम सर मोबाइल धरून हसत म्हणत होते, “भाऊ, वर धरा, छातीपाशी. असं. हासा थोडं.” नरेंद्रभाऊंनी मूर्ती छातीपाशी धरली. हसलेही. दहा जणांच्या पुढे, हातात दुसऱ्याचा देव घेऊन माणूस दुसरं काय करणार?

फोटो ग्रुपवर गेला. कुणीतरी स्टेटसला ठेवला. संध्याकाळी ते घरी पोचायच्या आधी फोटो रिठदला पोचला होता.

आता बावीस प्रतिज्ञा ज्यांना माहीत नाहीत त्यांना सांगते. गणपतीला देव मानणार नाही, हे त्यातल्या तिसऱ्याच प्रतिज्ञेत आहे, नाव घेऊन. दर पौर्णिमेला ते वाक्य गावाला सांगणारा माणूस लाल टोपी घालून, गणपती छातीशी धरून हसतोय, असा तो फोटो. विहाराच्या समितीतले जुने कार्यकर्ते पंजाबराव यांनी त्याच दिवशी घरी येऊन विचारलं, हे काय? नरेंद्रभाऊ म्हणाले, ऑफिसात भेट मिळाली. पंजाबराव म्हणाले, कुणी दिली? यांनी सांगितलं, माहीत नाही, नाव सांगत नसतात. तिथं सगळं फसलं. नाव न सांगता कुणी कुणाला भेट देतं, यावर गावात कोण विश्वास ठेवणार? लोक म्हणाले, बुवा लपवून राहिला. पौष पौर्णिमेला बैठक ठरली, की ज्यानं दिली त्याचं नाव सांग, नाहीतर त्या जागेवरून बाजूला हो.

मूर्ती टेबलाच्या खणात होती. ती घरी नेता येत नव्हती. ऑफिसात मांडली तर गावातलं बोलणं खरं ठरलं असतं. फेकली असती तर आमच्याच लोकांनी देवाचा अपमान केला म्हणून गदारोळ केला असता. नदीत सोडणं म्हणजे विसर्जन, तीही पूजाच. आणि परत द्यायची तर कुणाला? खण उघडायचा झाला की ते आधी इकडेतिकडे पाहायचे. त्यांचा स्टेपलरसुद्धा त्याच खणात होता, म्हणून ते माझा मागून घ्यायला लागले.

सव्वीस तारखेला चहाच्या वेळी ते उभे राहिले. “ज्यानं कोनं देल्लं त्यानं मले एकट्याले सांगा. मी राग नाई धरनार. आपल्यातलंच कोनी हाये.” सगळे कपात पाहत राहिले. मीही मूग गिळून बसले. तेव्हा सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण दहा जण होते, आणि माळ्यावरचं खोकं माझ्या डोळ्यांपुढे होतं.

संध्याकाळी मी शिवम सरांच्या केबिनमध्ये जाऊन कबूल केलं. त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. “मॅडम, आता नाव घेऊ नोका. वरतं गेलं त जातीचं परकरन होईन. तुमची नोकरी जाईन, माहीबी जाईन. थंडं होऊ द्या, लोक विसरून जाते.” मला ते पटलं नाही, पण सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडताना नरेंद्रभाऊ हळू आवाजात म्हणाले, “ताई, एक काम सांगू का?”

“सांगा ना.”

“कोनं देल्लं तेवढा पत्ता लावा. तुमी सगळ्यायशी बोलता. मले भांडाचं नाई. त्या मानसानं फकस्त पंजाबरावले फोन करून सांगावं का बा, चुकून देल्लं. इतकंच.”

मी पोळी मोडत विचारलं, “तुमचा कोनावर शक हाये?”

“सगळ्यायवरच हाये. शिवमवर लय. फोटो काढतानी हासून राह्यला होता पोट्टा.”

“आन् माह्यावर?” हे मी का विचारलं, कुणास ठाऊक.

“कायबी बोलता,” ते म्हणाले आणि चटणी माझ्याकडे सरकवली.

मी ती चटणी पोळीला लावून खाल्ली. तो दिवस गेला आणि मग सांगणं रोज जास्त अवघड होत गेलं, कारण आता मूर्ती दिली एवढंच सांगायचं नव्हतं, तर काल का गप्प बसले तेही सांगायचं होतं. रोज दुपारी ते विचारायचे, “लागला का पत्ता?” रोज मी म्हणायचे, “नाई भाऊ, पाहून राह्यली.” शिवम सरांशी त्यांनी बोलणं टाकलं. एकदा गाडीवाल्यांच्या देखत त्यांना म्हणाले, “मानसाची खिल्ली उडवाले शिकले तुमी, काम शिका आता.” शिवम सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून ऐकून घेतलं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी मात्र मनात म्हटलं, आजचा दिवस सुटले. इतकी मी खाली गेले होते.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, एका मूर्तीचं काय एवढं. मी त्याच्यावर खेकसले. मग रात्रभर कूस बदलत पडले, कारण आठवड्यापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

शुक्रवारी नरेंद्रभाऊंनी डबा उघडलाच नाही. “उद्या बैठक हाये,” ते म्हणाले. “लोकायचं जाऊ द्या. माय मले म्हने, बापाच्या जागी उभा राहून तुनं हे केलं काय रे. मी म्हनलं, नाई वो माय. तिनं काहीच म्हनलं नाई.” आणि हे सांगताना ते ‘माय’ या शब्दावर दोन्ही वेळा अडखळले. सहा वर्षांत मी त्यांना अडखळताना ऐकलं नव्हतं.

शनिवारी मी सुट्टी टाकली. शिवम सरांना सांगितलं की जाते, पुढं काय व्हायचं ते होऊ द्या. वाशिमला बस बदलली आणि रिठदला उतरले. विहार विचारत गेले. पांढऱ्या कपड्यांतली शंभरेक माणसं बसली होती. नरेंद्रभाऊ सगळ्यात मागं, भिंतीला टेकून. मला पाहून ते उठायला लागले. त्यांना वाटलं असणार, मी पत्ता लावून आले.

मी पुढं गेले आणि उभ्याउभ्याच बोलले, नाहीतर परत हिंमत झाली नसती. “तो गणपती मी देल्ला होता. यायले मालूम नोतं.”

पंजाबरावांनी चष्मा काढला. “बाई, हा बौद्ध हाये, हे तुमाले मालूम नोतं काय?”

“मालूम होतं.”

“मंग?”

“ध्यानात नाई आलं.”

कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणी ओरडलं नाही. बायकांच्या रांगेतून एक म्हातारी उठली आणि तिनं मला पाण्याचा तांब्या दिला. त्या भागिरथाबाई, नरेंद्रभाऊंच्या आई. पंजाबराव म्हणाले, “इतक्या दूर येऊन बाईनं सांगतलं, झालं. नरेंद्र, ये सामने.” ते पुढं गेले. त्यांनी प्रतिज्ञा सांगितल्या, तिसरीसुद्धा, आणि सगळा विहार मागून म्हणाला. मी दारापाशी उभं राहून ऐकलं. मला वाटलं, मिटलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

वंदना झाल्यावर ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. मोटरसायकलच्या डिकीतून त्यांनी धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेली मूर्ती काढली. आज बैठकीत दाखवायला म्हणून आणली असणार. “नीट न्या,” ते म्हणाले. “तुमचा देव हाये.”

मी ती दोन्ही हातांनी घेतली. “भाऊ, माफ करा मले.”

“मूर्तीचं काही नाई ताई. चुकते मानूस.” ते रस्त्याकडे पाहत होते. “लोकायचंबी मिटलं, तुमच्यानंच मिटलं. पन मी आठ जनायवर शक घेतला. त्या शिवमले नाई नाई ते बोललो, त्याची मी माफी मांगीन सोमवारी. एक तुमालेच सोडलं होतं. तुमालेच म्हनलं, पत्ता लावा.”

“मले भेव वाटलं.”

“मालूम हाये.” मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “मी रोज विचारत होतो, लागला का पत्ता. तुमी माह्या डब्यातलं खात खात नाई म्हनत होत्या. थ्या टायमाले तुमाले मनात काय वाटे, तेवढं सांगा मले.”

बस आली, आणि ती मूर्ती छातीशी धरून मी तशीच चढले.