कागदावरचं नाव

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वाकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले, तेवढं सांभाळून घ्यावं. गुलाबाच्या अत्तराचा वास आला की मला पोरीचा होणारा सासरा आठवतो. सुपारी फुटली त्या दिवशी तो अत्तर फासून आमच्या लोडाला टेकला होता, आणि हुंडा बसल्या जागीच पोराच्या खात्यावर फोनवरून मागवून घेतला. उद्यापर्यंत थांबायचाही धीर नव्हता. पुढे केजच्या बाजारात त्यांच्या गावची एक बाई मला म्हणाली, "त्या पोरावर कोर्टात केस हाय, बघा एकदा." मी लाजत झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराने कोर्टाच्या साइटवर जिल्हा, तालुक्याचं कोर्ट, साल आणि लग्नपत्रिकेतलं नाव टाकलं, पण काहीच निघालं नाही. तेव्हा आठवलं, पैसे पाठवताना फोनवर पोराचं वेगळंच नाव आलं होतं. पत्रिकेत घरातलं हाक मारायचं नाव छापून ही माणसं निर्धास्त होती, पण हावरटपणाने खरं नाव आमच्याच हातात दिलं. त्या नावावर केस निघाली: पहिल्या बायकोला मारहाण. आम्हाला तर पहिली बायकोच ठाऊक नव्हती. कागद दाखवला तर सासरा दात काढून म्हणाला, "विहीणबाई, बाप्याच्या जातीवर एखादी केस असतीच की." मी मान खालीच ठेवून विचारलं, "मग पत्रिकेत कावून न्हाई छापली?" लग्न तिथेच मोडलं. आमच्यावर उपकार केल्यासारखे ते थोडे थोडे पैसे देत राहिले, आणि काल शेवटचा रुपयाही परत आला.