किसनराव सरपंच आणि आम्ही आठ मेंबर

आम्ही जुने ग्रामपंचायत मेंबर कुणाच्या लग्नात भेटलो, की अक्षता पडायच्या आत किसनरावांचा विषय निघतो. एकानं एक सांगितलं की दुसऱ्याला दोन आठवतात. असं करत करत इतके किस्से साठलेत, की परवा एकीनं नवरदेवाचं नाव विचारलं तर आमच्यापैकी एकालाही सांगता येईना!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सणसरच्या अलीकडं आमचं गाव. किसनराव पहिल्यांदाच निवडणुकीला उभे होते. त्यांच्या घरात हणमंत राहायचा. कळंबला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. दोघं कसे राहतात ते गावाला माहीत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. विरोधकांनी मात्र जीपला भोंगा लावून सुरू केलं, "उमेदवाराचं लग्न का झालं न्हाय, इचारा!"

बारामतीचे वकील धावत आले. म्हणाले, "गप्प बसा. कायद्यानं गुन्हा आहे हा." किसनरावांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळच्या सभेत माईक हातात धरला.

"मला बाईमाणसाची ओढ न्हाय. मला पुरुष आवडतो. हणमंत माझा जोडीदार हाय. त्यांनी जीपवरनं अर्धंच सांगितलं, मी पुरं सांगितलं. आता पाण्याच्या टाकीवर बोलू का?"

मग पुढं बसलेले एक म्हातारे तात्या करवादले, "आरं, ते आमाला ठावं हाय! टाकी कुठं बांधणार, ते सांग!"

किसनराव निवडून आले. सरपंचही झाले.

*

मी राखीव जागेवर निवडून आले होते. पहिल्या मीटिंगला माझ्याऐवजी आमचे मालक इस्त्रीचे कपडे घालून गेले.

किसनरावांनी विचारलं, "तुमी कोण?"

"मी सुमनचा नवरा हाय."

"मग घरी नवरा व्हा. हितं मेंबर पायजे."

माझी खुर्ची रिकामी ठेवून पाऊण तास सगळे बसून राहिले. शेवटी शिपाई मला बोलवायला आला. मी भाकरी थापत होते. तशीच पिठाच्या हातानं गेले आणि पहिली सही केली. रजिस्टरच्या त्या पानावर पिठाचा अंगठा अजून दिसतो!

*

एका सकाळी पंचायतीच्या नव्या चुन्याच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं सरपंचांबद्दल घाण शब्द लिहिलेला. आम्हाला तोंड कुठं लपवावं कळेना. किसनराव आले, मोठ्यानं वाचलं, खाली पडलेला कोळसा उचलला आणि चुकलेली वेलांटी दुरुस्त केली!

म्हणाले, "शाळेची पोरं हितनं जात्यात. चुकीचं वाचतील."

आम्ही पोट धरून हसलो. पुढं बऱ्याच वर्षांनी हणमंतनं मला सांगितलं, "वैनी, दोन दिस जेवले न्हाईत ते. शब्दाचं काय न्हाय. अक्षर वळखीच्या माणसाचं हुतं."

*

मग अविश्वास ठराव आला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द : 'वागणूक'. तहसीलदारांनी चष्मा पुसत विचारलं, "वागणूक म्हणजे नेमकं काय?"

ठराव आणणारे बापू पंख्याकडं बघायला लागले. लेखी द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "सायेब, ह्यो मानूस मीटिंग टायमावर सुरू करतोय!"

तहसीलदार म्हणाले, "बरं. हात वर करा."

सहा हात लागत होते. पाच वर गेले. आमचे मालक दारात उभे राहून मला डोळ्यानं खुणावत होते. किसनराव माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. खिडकीतून नव्या टाकीकडं बघत होते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. इतके दाबले, की ठराव पडल्यावर सही करायला बोटं वळेनात.

*

आता शेवटचा किस्सा.

तालुक्यातल्या चांगल्या गावांच्या सरपंचांचा इंदापुरात सत्कार होता. नाव पुकारलं की सरपंचानं स्टेजवर जायचं, मागोमाग बायकोनं जायचं. तिला साडी आणि नारळ. हणमंत आमच्याबरोबर आला होता, पण सगळ्यात मागच्या रांगेत, माझ्या शेजारी बसला होता.

आमच्या गावाचं नाव आलं. किसनराव वर गेले. निवेदकानं सवयीनं म्हटलं, "आता सरपंचांच्या मंडळींनी पुढं यावं."

कुणी उठेना. त्यानं परत म्हटलं. कुठंतरी कुणी फिसकन हसलं. किसनराव स्टेजवर एकटे, हातात गुच्छ. हणमंतनं मान खाली घातली.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेत काठी आपटली. किसनरावांचे वडील! जन्मभर मेंढरं राखलेले आबा. हणमंत घरात आल्यापासून अकरा वर्षं ते लेकाशी बोलले नव्हते, त्याचा उंबरा चढले नव्हते. ते आलेत हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हातारा उभा राहिला, मागं वळला आणि रानात हाळी द्यावी तसा ओरडला,

"हणमंता, ऊठ! मंडळीस्नी बोलावलंय, ऐकू येत न्हाय व्हय?"